विषय: कंपनी म्हणते कुठूनही काम कर, पोर्तुगालचा डी-८ कोणी केलाय का?

नमस्कार मंडळी,
मी पुण्याचा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, चार वर्षं घरूनच काम चाललंय. एकटा जीव, म्हणून वर्षभर लिस्बनला राहून बघावं म्हणतोय. डी-८ व्हिसा (तिथे राहून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांचा) कोणी काढलाय का? की शेंगेनच्या टूरिस्ट व्हिसावर येऊन गुपचूप लॅपटॉप उघडला तर चालतं?
– पुणेकर

---

टूरिस्टवर नको रे बाबा. १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, तेही फिरायला.

डी-८ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पगार पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट लागतो, मागच्या तीन महिन्यांची सरासरी धरून. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो, म्हणजे महिना ३४८०. पुण्याच्या पगारात साडेतीन लाखांच्या आसपास बसत असेल तरच पुढे वाच. शिवाय हा आकडा दर जानेवारीत वाढतो.

पण खरी मेख कंपनीच्या पत्रात आहे. आमच्या धाकट्या दिरांच्या पत्रात लिहिलं होतं, ‘कर्मचारी घरून काम करतो.’ झालं, फाइल परत! घर कुठल्या देशातलं? ‘पोर्तुगालमधून काम करायला कंपनीची परवानगी आहे’ असं देशाचं नाव घालून हवं होतं. कंपनीने नवं पत्र द्यायला इतके दिवस लावले की तोवर पासपोर्ट ऑफिसची पीसीसी (गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला) शिळी झाली. पुन्हा पीसीसी, पुन्हा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का). म्हणून आधी पत्र हातात घे, मग बाकीचे कागद जमव. त्यांनी उलटं केलं होतं.

आणि यूट्यूबवरचे ‘दहा वर्षं फक्त २० टक्के कर’वाले व्हिडिओ बघू नकोस. ती सवलत २०२४ पासून नव्यांसाठी बंद झाली. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलास की इथला करदाता झालास. सीएला आधीच विचार.
– लिस्बनहून ताई

---

स्पेनचा आकडा कमी आहे, किमान वेतनाच्या दुप्पट: २०२५ साली महिना साधारण २७६३ युरो. वकिलातीतून एक वर्षाचा व्हिसा मिळतो. स्पेनमध्ये येऊन अर्ज केला तर थेट तीन वर्षांचा परवाना. मात्र सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे आपल्या पीएफसारख्या तिकडच्या वर्गणीचं काय, हा प्रश्न येतोच. पोर्तुगालशी भारताचा सोशल सिक्युरिटीचा करार आहे, त्यामुळे कंपनीने पाठवलेल्या माणसाला पीएफ ऑफिसचं कव्हरेज सर्टिफिकेट (ते असलं की तिकडे वेगळी वर्गणी नाही) मिळू शकतं. पण तो अर्जही कंपनीमार्फतच जातो, म्हणजे गाडी फिरून एचआरपाशीच.
– बार्सिलोनाहून

---

पुणेकरा, आजोळ गोव्याचं आहे का रे? आई-आजोबांपैकी कोणी १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलं असेल तर वेगळा रस्ता आहे. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलास की भारतीय नागरिकत्व गेलं, हे घरी आधी सांग. आमच्याकडे दोन दिवस कोणी जेवलं नव्हतं.
– म्हापशाचे काका, सध्या लिस्बन

---

काका, आजोळ साताऱ्याचं. नशीब!

ताई, तुमचं ऐकून आधी एचआरकडे गेलो. चार वर्षं ‘कुठूनही काम कर’ म्हणणाऱ्या बाईंनी पत्राचा मसुदा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘कुठूनही म्हणजे भारतात कुठूनही.’ आता फाइल लीगलकडे गेलीय. पीसीसीची अपॉइंटमेंट मी रद्द केली.
– पुणेकर