स्प्लिटबोर्ड: चढताना हायबॅक पोटरीत घुसतो, उतरताना हीलसाइड सुटते

गूफी_कोथरूडकर
सॉल्ट लेकला आल्यापासून रिसॉर्टमध्येच स्नोबोर्डिंग केलं, या हिवाळ्यात स्प्लिटबोर्ड घेतला (चढताना दोन स्की होतात, उतरताना जोडून स्नोबोर्ड). बाइंडिंग (बूट बोर्डला बांधणारा भाग) पकवालं आहे, म्हणजे बोर्डवरच्या चकत्यांवर सरकवायचं; हायबॅकला, म्हणजे पोटरीमागच्या उभ्या आधाराला, मागे लीव्हर. दुकानातून जसं आलं तसंच वापरतोय. बाइंडिंगचा कोन पुढच्या पायाला +18 अंश, मागच्याला −6. मिल डी नॉर्थच्या वाटेने डेझोलेशन लेककडे चढताना दर पावलाला हायबॅकची वरची कड पोटरीत घुसते, तीही वॉक मोडमध्ये (लीव्हर पलटून हायबॅक मागे झुकायला मोकळा)! आणि उतरताना पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) संपून टणक बर्फ लागला की हीलसाइडला, म्हणजे टाचेकडच्या कडेवर, बोर्ड थडथडत घसरतो. म्हणून फॉरवर्ड लीन (हायबॅकचा पुढे झुकाव) दोन खाचा वाढवला, तर चार वळणांत मांड्या भरून आल्या. मित्र म्हणतो, हायबॅक फिरवून घे. आधी काय करू?

पाना_नंबर_चार
आधी लीन होता तिथे परत न्या. लीन वाढवला की गुडघा सतत वाकलेला राहतो. उभ्या, टणक उतारावर त्याचा फायदा आहे, टाच दाबली की एज (बोर्डची धातूची कड) लगेच लागते. पण खोल पावडरमध्ये नोज (बोर्डचं पुढचं टोक) वर ठेवायला थोडं मागे रेलावं लागतं आणि तिथे हाच लीन तुम्हाला पुढे ढकलत बसतो. तुम्ही वासॅचच्या डोंगरांत पावडरसाठीच चढत असाल, तर कमी लीनवर राहा.

किती कमी, ते घरात कळतं. बोर्ड राइड मोडमध्ये (उतरायच्या स्थितीत, हायबॅक अडकवून) जोडा, बूट घालून दोन्ही स्ट्रॅप नेहमीइतके आवळा आणि वळणात बसता तेवढेच गुडघे वाकवा. कोणाला तरी मागून बघायला सांगा, बुटाची कॉलर आणि हायबॅक यांच्यात फट आहे का? असेल तर ती बुजेपर्यंत लीन द्या, बस. तुमची हीलसाइड बहुतेक त्या फटीतच सुटते. पाय मागे जाऊन हायबॅकला टेकेपर्यंत बोर्ड घसरायला लागलेला असतो. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा, खाच सारखी येईलच असं नाही.

फिरवण्याचं म्हणाल तर मित्र अर्धा बरोबर आहे. पुढचा पाय 18 अंशांवर असला की हायबॅकसुद्धा तितकाच तिरका, म्हणजे टाचेचा दाब एजवर सरळ पडत नाही. बाजूचे दोन स्क्रू सैल करून हायबॅक हील एजला समांतर आणला की दाब सरळ पडतो. रिसॉर्टच्या बोर्डवर मी बिनदिक्कत पूर्ण फिरवतो. स्प्लिटवर मात्र चढताना पाय स्कीच्या रेषेत सरळ असतो, आणि फिरवलेला हायबॅक पोटरीला एकाच बाजूने घासतो. म्हणून पुढचा निम्माच फिरवा. मागचा −6 वर आहे, त्याला हात लावू नका.

आणि हो, स्क्रू सैल होतात म्हणून कोणी निळं थ्रेडलॉकर (स्क्रू पकडून ठेवणारा गोंद) सुचवेल. धातूत धातू असेल तिथे जरूर लावा. हायबॅकच्या प्लास्टिकपासून लांब ठेवा, पॉलिकार्बोनेट असेल तर त्याला बारीक चिरा पडतात.

वासॅचकर_वहिनी
पानादादांचं उताराचं पटलं. चढाचं मी सांगते, कारण आमच्याकडे नवरा उतरण्यासाठी चढतो आणि मी चढण्यासाठी चढते.

वॉक मोडमध्येही टोचतंय म्हणजे लीव्हर खरंच पूर्ण पलटतोय का ते आधी बघा. त्याच्यामागे बर्फ दाबून बसतो आणि हायबॅक अर्ध्यावर अडतो. मी निघण्याआधी स्किन (चढताना स्कीखाली लावायच्या, मागे न घसरणाऱ्या पट्ट्या) खरवडायच्या स्क्रेपरने तिथला बर्फ काढते. वरती राइड मोडला जातानाही तेच करायचं. अर्धवट बसलेला लीव्हर पहिल्याच हीलसाइडला सुटला की काय होतं ते विचारू नका.

तरीही टोचलं तर बूट बघा. वरचं लेसिंग आणि अँकल स्ट्रॅप सैल सोडलात की पाऊल लांब पडतं. बुटाची कॉलरच आवळलेली असेल तर हायबॅक कितीही मागे झुकवा, घोटा हलतच नाही. फक्त टणक बर्फावर आडवं जाताना स्ट्रॅप पुन्हा आवळते, नाहीतर खालचा पाय वळतो आणि स्कीची एज सुटते.

परतीच्या त्या लांब, सौम्य वाटेवर बोर्ड दोन भागांतच ठेवून घसरत येत असाल, तर हायबॅक राइड मोडला घ्या. टाच मोकळी असते, वॉक मोडमध्ये मागे टेकायला काही नसतं, माणूस सरळ पाठीवर पडतो.

गूफी_कोथरूडकर
दोघांचे आभार. गालिच्यावर उभा राहिलो, बायकोने मागून टॉर्च मारून बघितलं. पुढच्या पायाला करंगळी जाईल एवढी फट, मागच्याला काहीच नाही! पुढचा एक खाच वाढवला, मागचा मूळ जागी नेला. लीव्हर ठीक पलटतोय, पण बूट मी वरपर्यंत आवळूनच चढत होतो. फिरवायचं काम शनिवारनंतर. एकच शंका: फिरवल्यावर लीव्हर हील लूपवर (बाइंडिंगच्या टाचेमागच्या कमानीवर) तिरका टेकतो का?

पाना_नंबर_चार
काही मॉडेलांवर टेकतो. फिरवलात की टेबलावर दहा-बारा वेळा उघडझाप करून बघा. अडकला किंवा एकाच बाजूने टेकला तर हायबॅक एक भोक परत फिरवा.