शब्दचर्चा : ‘दर्जोन्नत’ रस्ता म्हणजे कोणता?

प्रश्न : ‘राज्य मार्ग दर्जोन्नत, राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित’ अशी बातमी वाचली. दर्जोन्नत म्हणजे रस्ता रुंद केला, सुधारला, असंच ना?

– नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या भाषेत दर्जा म्हणजे वर्ग. ग्रामीण मार्ग, इजिमा (इतर जिल्हा मार्ग), प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), राज्य मार्ग, प्रमुख राज्य मार्ग अशी ही उतरंड. रस्ता एक पायरी वर गेला की झाला दर्जोन्नत, खड्डे जिथल्या तिथे असले तरी! शिवाय दर्जा अख्ख्या रस्त्याला मिळतोच असं नाही. शासन निर्णयात ‘किमी 0/00 ते 14/500’ असं लिहितात. तिरप्या रेघेपुढचा आकडा मीटरचा. तेवढा तुकडा राज्य मार्ग, पुढचा प्रजिमाच राहतो. गाडीवाल्याला पत्ताही लागत नाही.

आणि हा शब्द? अरबी ‘दर्जा’ला संस्कृत ‘उन्नत’ जोडून वर गुणसंधीही केलाय. शुद्धतावाद्यांनी कानांवर हात ठेवावेत.

– मग बातमीतलं ‘घोषित’ बरोबर आहे का?

– अधिसूचना निघाली असेल तरच. राष्ट्रीय महामार्ग घोषित करतं ते केंद्र सरकार, 1956च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम 2 खाली, राजपत्रातून. आपल्याकडच्या बऱ्याच रस्त्यांना आधी नुसती ‘तत्त्वतः’ मान्यता मिळाली होती. बातम्यांत हा ‘तत्त्वतः’ गळतो आणि अर्थ पार बदलतो, कारण अधिसूचना निघेपर्यंत तो रस्ता कायद्याने राज्याचाच. राज्याच्या महामार्गांसाठी 1955चा वेगळा अधिनियम आहे.

– दर्जोन्नतच्या उलट काय म्हणायचं? दर्जावनत?

– तसं कुणी म्हणत नाही. ‘अवर्गीकृत’ हा शब्द चालतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, तेव्हा तो पेपरांत फार झळकला. शहरांतले रस्ते अवर्गीकृत करून पालिकांच्या गळ्यात घालायची अनेक राज्यांना एकदम घाई झाली. रस्ता तोच, दुकानंही तीच. महामार्ग तेवढा कागदावरून गेला.

– समृद्धी तरी राष्ट्रीय आहे ना? एवढा मोठा!

– नाही. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, पण राज्याचाच. बांधलाय राज्य रस्ते विकास महामंडळाने. आकाराचा आणि दर्जाचा काही संबंध नाही.