मदत हवी आहे: घरातला शेअर केलेला ड्राइव्ह भाडेकरूलाही दिसतोय, कुलूप कसं लावू?

निळी छत्री

परवा संध्याकाळी आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारी मेडिकलची मुलगी खाली आली आणि अवघडून म्हणाली, "काकू, माझ्या लॅपटॉपवर तुमच्या कम्प्युटरमधलं सगळं दिसतंय. मी काही उघडलं नाही हं." बघितलं तर खरंच. लग्नाचे फोटो, मुलाच्या मार्कशीट आणि जाऊबाईंच्या क्लायंटची पॅनकार्डं, आधारच्या प्रती, बँक स्टेटमेंटं. जाऊबाई घरून जीएसटी आणि आयकराची रिटर्न्स भरून देतात. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

मांडणी अशी आहे. हॉलमध्ये विंडोज १० चा डेस्कटॉप. त्याच्या डी ड्राइव्हवर सगळ्या घराचा माल. जाऊबाईंचा लॅपटॉप विंडोज ११ प्रो. सासऱ्यांना टीव्हीवर जुने फोटो बघायचे असतात, म्हणून टीव्हीही त्याच वायफायवर. वायफायचा पासवर्ड घरात एकच, तोच भाडेकरूला दिलेला.

दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपवरून डेस्कटॉप उघडायला गेलं की नाव आणि पासवर्ड विचारायचा. आम्ही रोजचा चार आकडी पिन टाकायचो, तो घ्यायचाच नाही. शेवटी ओळखीच्या एका मुलाने येऊन 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं, अख्खा डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला दिला आणि चहा पिऊन गेला. सगळं चाललं, आम्ही खूश.

आता दुसरी गंमत. लॅपटॉपला मोठा अपडेट आल्यापासून त्यावर तो ड्राइव्ह उघडतच नाही. संदेश येतो की तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण पाहुण्यांना विनाओळख आत सोडत नाही. आमच्या घरात कसली आलीये संस्था! म्हणजे भाडेकरूला दिसतं आणि घरच्यांना नाही. एका व्हिडिओत रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) काहीतरी बदलून ते धोरण उठवायला सांगितलंय. करू का? आणि आत्तापर्यंत आणखी कोणी आत डोकावलं असेल तर ते कळतं का?

वायरमन

आधी एक काम करा, बाकीचं मग वाचा. डेस्कटॉपवर डी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, अॅडव्हान्स्ड शेअरिंग, आणि 'हा फोल्डर शेअर करा'वरची खूण काढा. फाइली जागेवरच राहतात, दार तेवढं बंद होतं.

रजिस्ट्रीला हात लावू नका. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या मोठ्या अपडेटपासून पाहुणा म्हणून, पासवर्डाशिवाय, दुसऱ्या मशीनवर जायची सोय मुळातच बंद ठेवलेली आहे. लॅपटॉपचं बरोबर आहे, चुकीचं डेस्कटॉपवर झालंय.

पेठेतला

टीव्ही जुना असेल तर डेस्कटॉपवर एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करून बघा. आमच्याकडे त्यानेच झालं.

वायरमन

पेठेतले, कृपा करून असं सुचवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली बंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या भोकातून जगभर पसरला होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, पण ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांच्या फाइली गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून एसएमबी १ काढूनच टाकलं. टीव्हीपायी ते परत आणणं म्हणजे मांजरासाठी मागचं दार रात्रभर उघडं ठेवणं.

पेठेतला

बरं बाबा, मान्य. आमचं चालतंय ते चालू द्या पण. :)

आर्द्रा

छत्रीताई, घोटाळ्याचं मूळ त्या पिनमध्ये आहे. पिन फक्त त्या एका मशीनसमोर बसून लॉगिन करायला असतो, नेटवर्कवरून चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि पासवर्डच नसलेलं खातं असेल तर विंडोज नेटवर्कवरून त्याला उभंच करत नाही. बहुतेक घरांत इथेच वैतागून लोक कुलूप काढून ठेवतात.

म्हणून डेस्कटॉपवर दोन लोकल खाती नवीन काढा. त्यांनी तिथे कधी लॉगिन करायचं नाही, ती फक्त किल्ल्या म्हणून. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग फॅमिली अँड अदर यूझर्स. तो ईमेल मागत राहील. 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' असं निवडत जा. एक खातं टीव्हीसाठी, एक जाऊबाईंसाठी. पासवर्ड लांब असू द्या, पण टीव्हीचा रिमोटने टाकता येईल असा.

मग अख्खा ड्राइव्ह शेअर करायचा नाही, फक्त 'फोटो' हा फोल्डर करायचा. शेअरच्या परवानग्यांतून 'एव्हरीवन' काढा, टीव्हीच्या खात्याला नुसतं 'रीड' द्या, जाऊबाईंच्या खात्याला 'चेंज'. इथे एक मेख आहे: शेजारी 'सिक्युरिटी' नावाचा टॅब असतो, त्यातल्या परवानग्या वेगळ्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि जी कडक ती चालते. फाटक उघडं असून खोलीला कुलूप असेल तर माणूस अंगणातच राहतो, तसं. त्यामुळे 'अॅक्सेस डिनाइड' आलं तर दोन्हीकडे बघा.

सगळ्यात शेवटी पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग परत चालू करा. लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) डेस्कटॉपच्या नावाची जुनी नोंद असेल तर ती पुसा, नाहीतर तो जुनंच नाव पाठवत बसतो. नवीन नाव विचारलं की आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव.

निळी छत्री

डी ड्राइव्हची खूण काढली. हुश्श. आणि जाऊबाईंना सांगितलं. दहा मिनिटं शांतता, मग "बरं झालं त्या मुलीने सांगितलं."

पण क्लायंटच्या फाइली कुठे ठेवायच्या? लॅपटॉप बिघडला तर असाव्यात म्हणून त्यांनी डी ड्राइव्हवर प्रत ठेवली होती.

वायरमन

त्या कुठल्याही शेअरमध्ये नकोत. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला एकदा प्रत घ्या आणि वायर काढून कपाटात ठेवा. वायर काढणं महत्त्वाचं. खंडणीवाला व्हायरस एका मशीनवर शिरला की त्या मशीनला जिथे लिहायची परवानगी आहे तिथलं सगळं बंद करून टाकतो, नेटवर्कवरचा ड्राइव्ह असो नाहीतर लावून ठेवलेली डिस्क. लॅपटॉप प्रो आहे, म्हणजे बिटलॉकर (अख्ख्या डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय) आहेच. त्या डिस्कलाही लावा, रिकव्हरी की कागदावर लिहून डिस्कपासून दूर ठेवा.

कोणी डोकावलं का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली 'सेशन्स' आणि 'ओपन फाइल्स' असतात. तिथे आत्ता कोण जोडलेलं आहे तेवढंच दिसतं. ऑडिटिंग, म्हणजे अशा नोंदी ठेवायची सोय, आधीपासून चालू नसेल तर कोणी कोणती फाइल उघडली याची जुनी नोंद मिळत नाही. वायफायचा पासवर्ड दोन वर्षांत कोणाकोणाला दिला ते आठवा, तोच तुमचा हिशेब.

निळी छत्री

आधीचे दोन भाडेकरू, केबलवाला, गणपतीत आलेले सगळे भाचे. देवा.

आर्द्रा

मग मुख्य वायफायचा पासवर्ड बदला आणि राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करून भाडेकरूला आणि पाहुण्यांना ते द्या. काही राउटरमध्ये 'पाहुण्यांना लोकल नेटवर्क वापरू द्या' अशी खूण असते, ती काढलेली आहे ना हे बघा, नाहीतर नावच फक्त वेगळं. राउटरच्या अॅडमिनचा पासवर्ड मागच्या स्टिकरवरचाच असेल तर तोही बदला.

डेस्कटॉपचं वायफाय 'प्रायव्हेट' प्रोफाइलवर हवं, 'पब्लिक' असेल तर शेअरिंग अडतं. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सगळ्या घराच्या फाइली ज्याच्यावर आहेत तेच मशीन जुनं राहू देऊ नका.

निळी छत्री

रविवारी दिवसभर बसून केलं. लॅपटॉप पहिल्या फटक्यात जोडला गेला, संस्थेचं धोरण वगैरे काही नाही. टीव्हीने रडवलं. त्याच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये डेस्कटॉप दिसेना, म्हणून व्हीएलसी हा दुसरा प्लेअर टाकला. त्याच्याही यादीत नाव येईना, मग डेस्कटॉपचा आयपी पत्ता हाताने टाकला, तेव्हा नाव-पासवर्ड विचारून फोटो आले. सोमवारी लाइट गेली आणि परत बंद!

वायरमन

लाइट आल्यावर राउटरने डेस्कटॉपला नवा पत्ता दिला असणार. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (मशीनना पत्ते वाटणारा भाग) 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि डेस्कटॉपला कायमचा एक पत्ता बांधून द्या.

निळी छत्री

झालं! सासरे १९८४ चे पंढरपूरचे फोटो बघतायत. टीव्हीवरून नको असलेला फोटो पुसता येत नाही म्हणून कुरकुर चालू आहे, ती मी ऐकून न ऐकल्यासारखी करते.

आता एकच. गेस्ट वायफायवर गेल्यापासून भाडेकरू मुलीला आमचा प्रिंटर दिसत नाही. त्यासाठी काही करता येईल का?

वायरमन

तो दिसत नाही म्हणजे गेस्ट नेटवर्क नीट काम करतंय. एका प्रिंटरसाठी ते उघडू नका.

निळी छत्री

ठीक. तिला पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठव म्हटलंय, मी काढून देते. पैसे घ्यायचे नाहीत असं जाऊबाईंनी बजावलंय.