श्रीलिपीतला प्रबंध शोधगंगेवर चढवताना

रावपुरेकर: बडोद्यात विद्यापीठाला प्रबंधाची पीडीएफ द्यायची आहे, ती शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाईल. मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहे. दिसतो छान, पण शोधल्यावर एक शब्द सापडत नाही. शिवाय चौथं प्रकरण लेख म्हणून छापून आलंय.

सुरसागर: दिसतं मराठी, आत कोड रोमन अक्षरांचे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडात टाका, कचरा दिसेल. पीडीएफ नको, मूळ वर्ड फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड असलेल्या पद्धतीत, बदला. इंग्रजी संदर्भ आधी बाजूला काढा, नाहीतर त्यांचंही देवनागरी कडबोळं होतं. मग रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या' डोळ्यांनी तपासा. 'सर्व'चा रफार हमखास हलतो. तळटीपा, तक्ते वेगळे पाहा, ते बरेचदा सुटतात.

मांडवीकर: प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ करा. फाइलनावं रोमन लिपीत, क्रमांक 01, 02 असे, पासवर्ड नको. नुसतं स्कॅन करून दिलंत तर शोधात येणार नाही. मग उपयोग काय?

रावपुरेकर: आणि चौथं प्रकरण?

मांडवीकर: करार वाचा. बरेच प्रकाशक स्वीकृत मसुदा (छापायला मान्य झालेला, पण मांडणी न केलेला) ठेवू देतात, त्यांच्या मांडणीतली पीडीएफ नाही. मुदतबंदी (ठरावीक काळ लेख खुला न करण्याची अट) असेल तर तारीख ग्रंथालयाला लेखी कळवा, तेवढं प्रकरण बंद ठेवता येतं का विचारा.

सुरसागर: सारांशही युनिकोडातच द्या. म्हणजे तोही शोधात सापडेल.