संगीत नाटकांची स्पर्धा वेगळीच हवी

संगीत नाटकांना वेगळी राज्य स्पर्धा कशाला, गद्य नाटकांबरोबरच बक्षिसं द्या, हे काही जणांचं मत मला अजिबात पटलं नाही. रत्नागिरीला सावरकर नाट्यगृहात एकदा ही स्पर्धा बघाच. नट ऑर्गनवाल्याकडे नुसती नजर टाकतो, सूर मिळतो, तबलजी ठेका धरतो. पद रंगात असताना मध्येच दोन वाक्यं बोलून नट पुन्हा अचूक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. याला गद्य नाटकाच्या मापाने गुण कसे देणार? इथे ऑर्गन-तबल्याच्या साथीलाही बक्षीस असतं, आणि ते हवंच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हापासूनची ही गाणारी परंपरा आज कोकणातली हौशी मंडळं नोकरीधंदा सांभाळून, रात्री तालमी करून जपताहेत. (आमच्याकडे भजनात पेटी वाजवणारी पोरंच पुढे ऑर्गनवर बसतात.) स्पर्धा एकत्र केली तर पहिला फटका या साथीदारांनाच बसेल.