जलविद्युत स्वस्त म्हणताना गाळ आणि व्याज कुणाच्या खात्यात?

धागा

पाणी फुकट, म्हणून वीज स्वस्त, हे गणित अर्धवट आहे. धरण, बोगदा, पेनस्टॉक (टर्बाइनकडे पाणी नेणारा दाबनळ), पुनर्वसन हा सगळा पैसा पहिलं युनिट निघण्याआधीच ओतावा लागतो. बोगद्यात खडक आवळत आला किंवा झरा फुटला की काम महिनोन्महिने अडतं, आणि कर्जाचं व्याज भांडवलावर चढत राहतं.

दुसरा खर्च गाळाचा. गाळातले क्वार्ट्झचे (गारेचे) कण रनरच्या, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाच्या, पोलादापेक्षा कठीण असतात. ते रनरची पाती, गाइड व्हेन (पाण्याला दिशा देणारी पाती) आणि गळती रोखणारे सील झिजवतात. फटी रुंदावतात, पाणी काम न करताच निसटतं. सतलजवरच्या १५०० मेगावॉटच्या नाथपा झाकडी प्रकल्पात गाळ ५००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५००० भागांच्या) वर गेला की संच, म्हणजे टर्बाइन आणि जनित्र, बंद करतात. तेही पावसाळ्यात, नदी भरून वाहत असताना!

प्रतिसाद १

असहमत. गाळाची सोय आधी करता येते. डिसिल्टिंग चेंबर (गाळ वेगळा करणारं दालन) ०.२ मिमीपेक्षा मोठे कण तळाशी बसवतं, रनरवर टंगस्टन कार्बाइडचा लेप देता येतो, आणि सुटा रनर तयार ठेवला तर दुरुस्तीसाठी संच फार काळ अडत नाही. शिवाय काही मिनिटांत पूर्ण भार घेणं आणि ग्रिड कोसळल्यावर बाहेरच्या विजेशिवाय सुरू होणं, हे औष्णिक केंद्राला इतकं सहज जमत नाही. त्याची किंमत कुठे धरलीत?

धागाकर्ता

ती सेवा मोलाची आहे, मान्य. पण ०.२ मिमीखालचा क्वार्ट्झ चेंबरमधून सुटतोच आणि हेड (पाणी पडण्याची उंची) जास्त असेल तर तोही धातू खातो. लेपही झिजतो, संच उघडून पुन्हा चढवावा लागतो. जलाशयाचं तर विचारूच नका. चीनमध्ये पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणात १९६० मध्ये पाणी अडवलं, आणि गाळ इतक्या वेगानं साचला की पुढे गाळ सोडायला नवी द्वारं करावी लागली. पाण्याची पातळी खाली ठेवावी लागल्यानं निर्मितीही मूळ आराखड्यापेक्षा खूप घटली.

प्रतिसाद २

दोघेही यंत्रावर बोलताय, जागेवर नाही. ब्राझीलच्या बाल्बिना धरणाने २५० मेगावॉटसाठी सुमारे २३६० चौ. किमी बुडवले, ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपूने १४,००० मेगावॉटसाठी सुमारे १३५०. दर मेगावॉटला जवळजवळ शंभरपट फरक! सपाट जंगलात उथळ जलाशय केला की झाडं ऑक्सिजनविना कुजतात, मिथेन तयार होतो. खोलचं पाणी टर्बाइनमधून बाहेर पडताना दाब उतरतो, तेव्हा त्यातला बराचसा वायू हवेत सुटतो. अशा जागी 'स्वच्छ वीज' हा शब्द मला पटत नाही.

प्रतिसाद १

बाल्बिनाची जागा चुकली, हे कबूल. म्हणूनच मी कमी साठ्याचे, नदीच्या प्रवाहावरचे प्रकल्प सुचवतो.

प्रतिसाद २

तिथे बुडित क्षेत्र कमी, पण पाणी बोगद्यातून वळवल्यानं धरण ते वीजगृह ही नदी कोरडी पडते. मासे आणि काठच्या विहिरी जगवायला किमान प्रवाह सोडावा लागतो, आणि सोडलेल्या प्रत्येक क्युमेकची (सेकंदाला एक घनमीटर पाण्याची) वीज जाते: १०० मीटर हेडला ९० टक्के कार्यक्षमतेनं सुमारे ८८० किलोवॉट. ही वजाबाकी प्रकल्प अहवालात आधीच दाखवा, मग दर सांगा.