यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटारसायकल घ्यायची आहे, बजेट ६० हजार. सल्ला द्या

गोदाकाठ (गंगाखेड):
मंडळी, पन्नाशी आली. अंबाजोगाईला कॉलेजात असताना रूमपार्टनरच्या आरएक्सवर मागे बसून लई फिरलो, पण चावी त्यानं कधी हातात दिली नाही. आता स्वतःची घ्यावी म्हणतो. गेवराईत एक ९३ची बघितली, विकणारा ५५ म्हणायलाय. आरसी त्याच्या वारलेल्या चुलत्याच्या नावावर आहे. बजेट ६० हजार, त्यातच कागदपत्रं आणि किरकोळ काम. वापर गावात, अधूनमधून परळी. घ्यावी का? का दुसरी बघू?

बालाघाट_किंग:
आरएक्स पोरासोरांची गाडी. येझदी रोडकिंग घ्या. अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर, गिअरची दांडी तीच किकची. माझी ८४ची आहे, डबलसीट मांजरसुंब्याचा घाट हसत चढते. दीड लाखाला मागून गेले, दिली नाही.

गोदाकाठ:
दादा, बजेट ६० आहे.

बालाघाट_किंग:
मनात आणलं की होतंय सगळं.

लातुरी_बाणा:
येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६लाच बंद पडला, पार्ट कुठून आणायचे? आरएक्सच घ्या, पण सुरुवातीची, ८५-८६ची. तेव्हा जपानहून पार्ट यायचे. ९३च्या गाडीला मी तर हातही लावणार नाही.

परभणी_एक्सप्रेस:
आरएक्स पण १९९६लाच बंद झाली की साहेब. मग पार्टचा मुद्दा कुठं राहिला?

लातुरी_बाणा:
तिचे डुप्लिकेट मिळतात.

परभणी_एक्सप्रेस:
म्हणूनच तर ओरिजिनल बोअरची, म्हणजे मूळ सिलिंडरची गाडी हुडकून सापडंना.

मिस्त्री_नांदेड:
भांडणं नंतर करा. गोदाकाठ, आधी कागद. मालक वारलाय, तर गाडी पहिल्यांदा वारसाच्या नावावर चढते, फॉर्म ३१ आणि मृत्यूचा दाखला लावून, मग तुमच्या. 'सही करून देतो' म्हणणारा एजंट भेटेल, त्या भानगडीत पडू नका. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, आकडा खोडलेला वाटला की तिथूनच परत. १५ वर्षं उलटलेली गाडी आहे, फेरनोंदणी कुठपर्यंत आहे आणि पर्यावरण कर भरलाय का ते परिवहनच्या ॲपवर बघा. तिथं गाडीच दिसत नसंल तर आरटीओत जुनी नोंद चढवून घ्यावी लागते, हेलपाटे हायेत.
आन बघायला न सांगता जा, इंजिन गार पाहिजे. टू-स्ट्रोक हाय, पेट्रोलासंगं ऑइलबी जळतं, सुरू करताना धूर काढणारच. गरम झाल्यावरबी दाट पांढरा धूर सुटायला आणि गिअरचं ऑइल कमी व्हायलं तर क्रँकचं सील गेलंय. इंजिन फोडावं लागतं.

निवृत्त_मास्तर:
आमच्या काळी राजदूत १७५ होती. पोलंडच्या गाडीवरून बनवलेली. दोन्हीकडं दुधाचे कॅन, मागं मंडळी, टाकीवर पोरगं. तिला कुणी गाडी म्हणायचं नाही, घरातलं जनावरच ते.

साडेतीस_हॉर्सपॉवर:
राजदूतच म्हणायची तर ३५० म्हणा. ३४७ सीसी, जुळी सिलिंडर. माझी एचटी आहे, जास्त ताकदीची; कमी ताकदीची एलटी नव्हे.

परभणी_एक्सप्रेस:
विकायची आहे का?

साडेतीस_हॉर्सपॉवर:
छे. सहज सांगितलं.

वैशाली_जालना:
आमच्या ह्यांनी अशीच हौस केली. गाडी कायम गॅरेजात आणि गॅरेजवाला कायम आमच्या घरी चहाला. शिवाय आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, ते पाणी धरतं. महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, एवढं मी चहा करता करता शिकले.

धारूरकर:
कागद बघून घ्या. चासी नंबर पण तपासा.

मिस्त्री_नांदेड:
मी काय लिवलंय वर?

धारूरकर:
तेच म्हणतोय. आणि ऑइल पंप बघा. मे महिन्यात ऑइल कमी पडलं आणि तुम्ही घाटात ताणली की पिस्टन धरतंय, सिलिंडरात अडकून बसतंय. मागचं चाक लॉक होतं, क्लच दाबायला सुचत नाही. पोरं क्लचवर दोन बोटं ठेवूनच चालवायची.

बालाघाट_किंग:
रोडकिंगला असलं काही होत नाही.

धारूरकर:
रोडकिंग टू-स्ट्रोकच आहे ना?

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. गेवराईवाल्याला मृत्यूचा दाखला मागितला तर 'एवढं कशाला' म्हणाला. परवा सेलूला हिरो होंडा सीडी १०० मिळाली, २४ हजारांत. मालक हयात आहे, समोर बसून सही केली. टायर, चेनसेट नवीन टाकला, तरी पैसे उरले.

लातुरी_बाणा:
आरएक्सच्या धाग्यावर फोर-स्ट्रोक? पोस्टमनची गाडी घेतली राव!

गोदाकाठ:
असू द्या. काल परळीला जाऊन आलो. बायको मागे बसून पूर्ण रस्ता फोनवर बोलली, समोरच्याला ऐकू पण आलं.

वैशाली_जालना:
उत्तम निवड. ह्यांना दाखवते.

साडेतीस_हॉर्सपॉवर:
सीडी १०० चांगली गाडी आहे. माझ्याकडे एक कोपऱ्यात पडून आहे.

लातुरी_बाणा:
गोदाकाठ, ती गेवराईची गेली का अजून आहे? नंबर इनबॉक्स करा. चुलत्याच्या कागदाचं मी बघतो.